फॉर्मवरचा बक्कल नंबर

फॉर्मच्या डोक्यावर नाव आणि बक्कल नंबर लिहायला सांगितला, तेव्हाच ते तणावमुक्तीचं शिबिर फसलं होतं. तुरुंग शिपाई म्हणून निवृत्त होऊन मी ओझरला परतलो, वडिलांची द्राक्षबाग आता मी बघतो. पण तो कागद डोक्यातून जात नाही.

तुरुंग शिपायाची नोकरी कशी असते ते साऱ्यांना ठाऊक आहे. गिनती, झडती, टॉवर, चाव्या. आदर्श कारागृह नियमावली २०१६ म्हणते, सहा बंद्यांमागे एक रक्षक हवा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जागांवर ५,७३,२२० माणसं होती. आमच्या सर्कलला, म्हणजे बराकींच्या एका गटाला, रात्री दोघंच असायचो. पाळी कागदावर आठ तासांची, पण बदली माणूस आला नाही की बारा तासांवर जायची. भाद्रपदात गावात विघ्नहराचा उत्सव आणि मी टॉवरवर, असं वर्षानुवर्षं चाललं.

तर मी नोकरीला होतो त्या मध्यवर्ती कारागृहात कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्ती शिबिर ठेवलं होतं. रात्रपाळीची माणसं चाव्या जमा करून घरी निघाली होती, त्यांना गेटवरच थांबवलं. सभागृह भरलेलं दिसायला हवं होतं, फोटो वर पाठवायचे होते. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या म्हटल्यावर मागच्या रांगेतली माणसं बसल्या जागी झोपली आणि त्यांना हलवून उठवलं गेलं. रात्रभर जागलेल्या माणसाला झोपेतून उठवून ताण कमी करायचे उपाय सांगणं, याला मी क्रूरपणा म्हणतो.

आलेल्या डॉक्टरबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी फॉर्म वाटले. झोप लागते का, घरच्यांवर चिडता का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. मोकळेपणाने लिहा, हे तुमच्या-माझ्यात राहील, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. पण कागद गोळा केले ऑफिसच्या कारकुनाने. तो दारात गठ्ठा घेऊन उभा होता. आम्ही जुनी माणसं, सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळे झालो.

माझ्या सर्कलमधल्या एकाने ‘हो’ लिहिलं. बीडकडचा पोरगा. गावी मुलगी आजारी, रजेचा अर्ज परत आलेला. त्याने खाली एक ओळही जोडली होती, की टॉवरवर एकटा असलो की नको ते मनात येतं.

संध्याकाळच्या ड्युटीपत्रकात त्याचं नाव टॉवरवरून, म्हणजे बंदुकीच्या ड्युटीवरून, काढून गेटच्या रजिस्टरवर टाकलेलं होतं. कारण कुणी जाहीर केलं नाही, तरी रात्रीपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं. कँटीनमध्ये तो येऊन बसला की बोलणं थांबायचं. त्याच्या बायकोला नळावर बायांनी विचारलं. हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण ते कैद्यांच्या बराकीत पोचलं. शंभर माणसांसमोर एकटा उभा राहणारा शिपाई केवळ स्वतःच्या दमावर उभा असतो, हातात काठी असो वा नसो. मुलाखतीला गेटकडे आणलेल्या एका बंद्याने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “साहेब, आज गोळी घेतली का?” तो काही बोलला नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहीत राहिला.

आणि जी रजा तो मागत होता, ती त्यानंतरही मिळाली नाही. शिबिराचा अहवाल मात्र वर गेला. मी साहेबांकडे जाऊन भांडलो. खरं लिहिलं म्हणून बंदूक काढता, मग उद्या कोण खरं लिहील, असं म्हणालो.

आज तो दुसऱ्या तुरुंगात आहे, अधूनमधून फोन करतो. मुलगी बरी आहे, शाळेत जाते. त्याचा आवाज ऐकला की वाटतं, बंदूक काढली ते बरोबर होतं. मी त्या जागी असतो तर मीही काढली असती. पण ज्या रीतीने काढली, चारचौघांत उघडा पाडून, त्याचा राग अजून तसाच आहे.

व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधला जेलर सहा कैद्यांना माणसात आणतो आणि शेवटी जीव गमावतो. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून तो सिनेमा सुचला. मला तो फार आवडतो. पण जेलर सोसत राहणारच, हे त्यात आपण किती सहज धरून चालतो!

माझं म्हणणं एवढंच, की असे कागद बाहेरच्या डॉक्टरांनी गोळा करावेत आणि त्यांच्याकडेच ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने आजारी माणसाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, वर्दी घातली म्हणून तो जात नाही. जिवाला धोका दिसला तर डॉक्टरने सांगावं, पण ज्याला सांगायलाच हवं तेवढ्यालाच. शिपायांनी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि पलीकडे आपल्या ऑफिसचा माणूस नसतो. आणि शिबिराआधी आठवड्याची सुट्टी द्या. माणसं भरा.

माझा भाचा आता याच खात्यात लागला आहे. परवा त्याचा फोन आला. “मामा, उद्या शिबिर आहे, फॉर्म भरायचाय. खरं लिहू का?” मी म्हटलं, लिही, घाबरू नकोस. फोन ठेवला, बागेत जाऊन आलो, आणि रात्री त्याला परत फोन करून विचारलं, वर नाव लिहायचंय का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, मग लिहू नकोस, मला सांग.