दिसले नाही आणि नाही

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे शहरात बंदराच्या धक्क्याला लागून सॅन कार्लोस नावाचा लहानसा वालुकामय किनारा आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तेथे पाणबुड्यांच्या मोटारींची रांग लागते. अंगावर सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, डोक्याला तशीच घट्ट टोपी, हातमोजे, कमरेला शिशाची वजने आणि पाठीवर हवेची टाकी, असा सारा भार सावरत ही माणसे दहा ते चौदा अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात उतरतात. आत जाणारा बाहेर येणाऱ्याला थांबवून सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो, आज किती दिसते? उत्तर फुटांमध्ये मिळते. दहा फूट, वीस फूट, एखाद्या भाग्याच्या दिवशी पन्नास फूट. कोणते मासे दिसले, हा प्रश्न त्यानंतरचा. मालवणच्या किनाऱ्यावर बोटीत बसणारा पर्यटकही पाणी स्वच्छ आहे का, असेच प्रथम विचारतो. परंतु थंड समुद्रात या प्रश्नाचे महत्त्व केवळ मौजेपुरते राहत नाही.

थंड पाणी गढूळ का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. साधारण मार्चपासून जुलैपर्यंत या किनाऱ्यालगत वायव्येचे वारे सातत्याने वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातील पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे वळते, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर समुद्रात जाते. त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे गार पाणी वर येते आणि वर्षानुवर्षे तळाशी साठलेले नायट्रेटसारखे पोषक क्षार आपल्याबरोबर आणते. त्या क्षारांवर आणि वसंतातील वाढत्या सूर्यप्रकाशावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, इतक्या वेगाने वाढतात की पाण्याचा रंग वाटाण्याच्या आमटीसारखा होतो. अशा वेळी पाणबुड्याला स्वतःच्या पायातील वल्ह्यांचे टोकही नीट दिसत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वारे मंदावतात, प्लवक ओसरतात आणि पाणी निवळते. पुढे हिवाळ्यातील वादळी लाटा तळाची वाळू उसळवतात, तेव्हा पुन्हा सारे अंधूक होते.

उष्ण कटिबंधातील प्रवाळबेटांभोवतीचे निळेशार, पारदर्शक पाणी छायाचित्रांत फार मोहक दिसते. त्या पारदर्शकतेचा खरा अर्थ असा की, त्या पाण्यात तरंगणारे अन्न अत्यल्प आहे. मॉन्टेरेचे हिरवे पाणी हे भरलेले कोठार होय. त्याच प्लवकांवर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर लहान मासे, माशांवर सील आणि समुद्रपक्षी. ज्या क्षारांनी पाणी गढूळ होते, त्यांच्याच बळावर जायंट केल्प नावाचे सागरी शेवाळ अनुकूल स्थितीत एका दिवसात सुमारे दोन फूट वाढते आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे अरण्य निर्माण करते. जे पाहण्यासाठी माणूस थंडी सोसतो, त्याचे पोषण आणि त्याचा पडदा या दोन्ही गोष्टी एकाच मूळ कारणातून आल्या आहेत. त्यामुळे गढूळ पाण्याविषयी तक्रार करणाऱ्या नवख्याला जुने पाणबुडे फारशी सहानुभूती दाखवीत नाहीत, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे.

आता, दहा फूट दिसते म्हणजे नेमके काय? पाण्यात मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पंचवीस टक्के जवळ आणि तेहतीस टक्के मोठी भासते. त्यामुळे माशाच्या लांबीविषयी सांगितले जाणारे बरेचसे किस्से पूर्ण अप्रामाणिकपणाचे नसतात! तांबडा रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच विरून जातो. लालभडक तारामासा खाली काळपट दिसतो आणि विजेरीचा झोत पडताच पुन्हा उजळतो. पण तोच झोत सरळ समोर धरला, तर तरंगणाऱ्या कणांवरून परावर्तित होऊन धुक्यातील मोटारीच्या दिव्यांसारखा उलट डोळ्यांवर येतो. म्हणून अनुभवी पाणबुड्या विजेरी थोडी तिरपी धरतो. अंदाजावर न विसंबता अंतर मोजायचे असेल, तर दोघे जण फीत घेऊन एकमेकांपासून दूर सरकतात आणि साथीदार दिसेनासा होतो तेथील आकडा नोंदवतात. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची ही इच्छा जुनी आहे. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने एप्रिल १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून त्या किती खोलीवर अदृश्य होतात याची पद्धतशीर नोंद केली. सेक्कीची तबकडी आजही सागरशास्त्रज्ञांच्या सामानात असते.

दिसण्याचे अंतर कमी झाले की हिशेब किती झपाट्याने बदलतो, याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. बारा मीटर दिसत असेल, तर एका जागी उभे राहून चहूकडे पाहिल्यास सुमारे ४५२ चौरस मीटर तळ नजरेखाली येतो. तीन मीटर दिसत असेल, तर केवळ २८ चौरस मीटर. अंतर चौथ्या हिश्शावर आले, पण क्षेत्र सोळाव्या हिश्शावर. ज्या गोदामात केवळ दारापाशी उजेड आहे, तेथील मालमोजणी आणि सर्व दिवे लावून केलेली मालमोजणी यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडणारा मुनीम कोणत्याही पेढीवर फार दिवस टिकणार नाही.

तरीही तीन मीटरमध्ये पाहण्यासारखे काही नसते असे नाही. सॅन कार्लोसच्या किनाऱ्यापासून आत सुमारे पंधरा मीटर खोलीवर पांढऱ्या पिसाऱ्याच्या समुद्रपुष्पांचा एक ताटवाच आहे. हे प्राणीच, पण फुलकोबीचे गड्डे देठांवर उभे केल्यासारखे दिसतात. धुरकट हिरव्या पाण्यातून एकेक शुभ्र गड्डा पुढे येतो, तेव्हा ते दृश्य स्वच्छ पाण्यातील दृश्यापेक्षा अधिक गंभीर वाटते. अंगठ्याएवढ्या रंगीत सागरी गोगलगाई, स्वतःच्या पाठीवर शेवाळाचे तुकडे रोवून वेषांतर करणारे खेकडे, बाटलीत शिरून बसलेला तांबडा ऑक्टोपस हे सर्व एका हाताच्या अंतरावरच भेटतात. घाईने पोहणारा नवखा वर येऊन काहीच नव्हते म्हणतो. त्याच खडकाजवळ अर्धा तास थांबलेला जाणकार पाटी भरून नावे आणतो. सील मात्र दोघांनाही सारखेच चकवतात. ते मागून येऊन पायातील वल्हे चावतात आणि मान वळेपर्यंत गढूळ पाण्यात नाहीसे होतात. साथीदारही असाच नाहीसा होऊ शकतो. त्यासाठी शिकवला जाणारा नियम सरळ आहे. एक मिनिट शोधायचे, न सापडल्यास सावकाश वर यायचे आणि पृष्ठभागावर भेटायचे. तो खाली दिसला नाही याचा अर्थ तो तेथे नाही असा होत नाही, आणि तो तेथे आहे असाही होत नाही. म्हणून खाली थांबून तर्क करीत बसायचे नसते.

हाच भेद वहीत उतरवणे फार कठीण जाते. बहुतेक पाणबुडे प्रत्येक बुडीची नोंद ठेवतात. तारीख, खोली, वेळ, तापमान आणि खाली काय दिसले ते. परंतु खासगी वहीत माणूस जे विशेष तेच लिहितो. मोला नावाचा चाकासारखा अवाढव्य मासा दिसला तर अर्धे पान भरते. रोज दिसणाऱ्या तारामाशाला कोणी शाई खर्च करीत नाही. काही वर्षांनी तो तारामासा दिसेनासा झाला, तर जुनी वही काहीही सांगू शकत नाही. रकाना कोरा आहे. तो दिसला नाही म्हणून कोरा, की रोजचाच म्हणून लिहिला नाही म्हणून कोरा, की त्या दिवशी पाणीच गढूळ होते म्हणून कोरा? शून्य शिल्लक आणि न मांडलेली शिल्लक यांतील अंतर व्यापारी घराण्यांना सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये स्थापन झालेल्या रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन या संस्थेने या अडचणीवर व्यवहारी उपाय काढला. १९९३ पासून हौशी पाणबुड्यांकडून ती नोंदी गोळा करते. पाणबुड्याने हवे तेथे फिरावे. मात्र खात्रीने ओळखता येणारी प्रत्येक जात, कितीही सामान्य असली तरी, नोंदवावी. खात्री नसेल तर लिहू नये. संख्येसाठी चारच वर्ग ठेवले आहेत. एक, दोन ते दहा, अकरा ते शंभर आणि शंभराहून अधिक. थंड पाण्यात बोटे बधिर झालेल्या माणसाकडून याहून बारीक मोजणीची अपेक्षा ठेवणे हे कार्यालयात बसणाऱ्यांनाच सुचेल. त्याच तक्त्यावर बुडीचा वेळ, खोली, तापमान आणि किती अंतर दिसत होते, हेही लिहावे लागते. सर्व ओळखीचे लिहिण्याचे बंधन स्वीकारल्यामुळे न लिहिलेल्या नावाचा अर्थ शून्य असा घेता येतो. आणि दृश्यतेचा आकडा शेजारी असल्यामुळे त्या शून्याची किंमत ठरवता येते. तीन मीटर दृश्यतेत मोला न दिसणे ही माहितीच नव्हे. तीन मीटर दृश्यतेत तासभर तळालगत फिरूनही जवळजवळ मीटरभर रुंदीचा, तळावरच वावरणारा प्राणी एकदाही न दिसणे, आणि असे शेकडो जणांच्या बाबतीत घडणे, ही गंभीर माहिती होय.

असेच घडले. सनफ्लॉवर स्टार हा चोवीसपर्यंत बाहू असलेला तारामासा अलास्कापासून कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेपर्यंत सर्वत्र आढळत असे. २०१३ मध्ये तारामाशांवर एक रोग पसरला. अंगावर पांढरे व्रण पडत, बाहू गळून पडत आणि काही दिवसांत प्राण्याचा लगदा होई. सुमारे वीस जातींना त्याची बाधा झाली. सनफ्लॉवर स्टारला सर्वाधिक. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्राच्या असाधारण उष्णतेची लाट आली. सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या स्वयंसेवक पाणबुड्यांच्या दहा हजारांहून अधिक नोंदी आणि खोल पाण्यातील जाळ्यांच्या नोंदी एकत्र मांडण्यात आल्या. सुमारे तीन हजार किलोमीटरच्या किनाऱ्यावर या जातीची संख्या ऐंशी ते शंभर टक्क्यांनी घटल्याचे त्यातून दिसले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला अतिसंकटग्रस्त घोषित केले. पगार न घेता, गारठलेल्या हातांनी पेन्सिलीने लिहिलेले ते तक्ते नसते, तर उथळ पाण्यातील हा ऱ्हास बहुधा केवळ आठवणींच्या आधारे सांगावा लागला असता.

त्या ऱ्हासाचे परिणाम मात्र नजरेआड राहण्यासारखे नव्हते. हा तारामासा जांभळ्या सी अर्चिनचा, म्हणजे काटेरी चेंडूसारख्या प्राण्याचा, भक्षक होता. भक्षक गेला, अर्चिन अतोनात वाढले आणि उष्णतेने आधीच दुबळ्या झालेल्या केल्पवर तुटून पडले. उत्तर कॅलिफोर्नियात बुल केल्पचे ९० टक्क्यांहून अधिक अरण्य काही वर्षांत नष्ट झाले. केल्पवर जगणारे ॲबलोनी हे मोठे शिंपलेधारी प्राणी उपासमारीने मेले आणि त्यांची हौशी पकड २०१८ पासून बंद करावी लागली. अरण्याच्या जागी काट्यांनी झाकलेला उघडा खडक उरला. विचित्र योगायोग असा की, अशा ओसाड जागी अनेकदा पाणी छान निवळलेले असते आणि दूरवर दिसते. दिसण्यासारखे मात्र काही उरलेले नसते. मॉन्टेरे परिसरात पाणमांजरांनी थोडा तोल सावरला. ती केल्पमधील पुष्ट अर्चिन खातात आणि उरलेले अरण्य टिकते. ओसाड खडकावरचे उपाशी अर्चिन ती फोडत नाहीत, कारण ते आतून पोकळ असतात. असे पोकळ अर्चिन वर्षानुवर्षे उपाशी जगतात आणि केल्पला पुन्हा उगवू देत नाहीत.

२०२५ मध्ये संशोधकांनी या रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जीवाणू असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या मध्य किनाऱ्यावरील पाहण्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. बाहेरच्या बेटांभोवती सनफ्लॉवर स्टार विरळ झाला असला, तरी आत शिरलेल्या अरुंद, खोल खाड्यांमध्ये तो अद्याप टिकून आहे. तेथे वरचा थर नद्यांच्या गोड्या पाण्याचा असतो. तारामासे त्याखालच्या गार, खाऱ्या पाण्यात खोलवर राहतात. त्यांची गणना करण्यासाठी पाणबुडे त्या गोड्या थरातून खाली उतरतात, फीत अंथरतात, बाहूंची लांबी मोजतात आणि जेथे एकही प्राणी सापडत नाही तेथे शून्य लिहून पुढच्या खडकाकडे सरकतात.