जांभळा सेज

सरकारी नोकराने बाग करू नये, असे आमचे फार दिवसांचे मत होते. झाड मूळ धरते न धरते तोच बदलीचा हुकूम यावा आणि मागाहून येणाऱ्या गृहस्थाने त्याच वाफ्यात स्कूटर उभी करावी, हे वसाहतीत नेहमीचेच. तथापि डेहराडूनच्या एका रोपवाटिकेत जांभळा सेज दिसला आणि आमचा निश्चय ढळला. लवदार पाने, कोवळी असताना जांभळी, जून झाली की राखी-हिरवी. चुरगळून हुंगावे तर कापराची आठवण! ‘तुळशीच्या कुळातलाच आहे,’ असे माळ्याने सांगितले, आणि ते खरेही होते.

त्या नात्यानेच आम्ही फसलो. तुळशीप्रमाणे रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागलो, वर शेणखत. पावसाळ्यातही कुंडी अंगणातच राहिली. श्रावण सरण्यापूर्वी पाने काळवंडली. उपटून पाहतो तो मुळे कुजलेली. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरची ही वनस्पती! तिला ऊन हवे, वारा हवा आणि पाणी बेताचे. दुसऱ्या खेपेस आम्ही मातीत जाड वाळू व खडी मिसळली, कुंडी वळचणीखाली नेली आणि वरची बोटभर माती सुकल्यावाचून पाणी घातले नाही. झाड तगले. बियांतून हा जांभळा रंग खात्रीने उतरत नाही, म्हणून चार बोटे लांबीची कोवळी डहाळी वाळूत खोचून रोपे केली.

त्याच सुमारास आई वाईहून आली. वडील गेल्यापासून ती एकटी. तिला कायमची येथेच ठेवून घ्यावी, असा आमचा बेत होता. अंघोळीच्या पाण्यापासून पूजेच्या फुलांपर्यंत सर्व काही हातात देत होतो, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हतो. आई मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली.

एका रविवारी आम्ही सेजची पाने लोण्यात परतून उकडलेल्या बटाट्यांवर घातली. पाने पाच-सहाच, अधिक झाली की औषधी कडवटपणा येतो. आईने एक चाखले.

“अरे, याची भजी कर की. ओव्याच्या पानांची करतो तशी.”

आणि आम्हांला बाजूस सारून तिनेच बेसन भिजवले. बियांचा ओवा वेगळा. पण परसातले ते जाड पानांचे ओव्याचे झाडही तुळशीच्याच कुळातले, हे तिला कुणी सांगितले नव्हते. कढईत पानांचा जांभळा रंग गेला, तसा उग्रपणाही गेला. भजी कुरकुरीत झाली. इटलीतही ही पाने पिठात बुडवून तळतात, असे आम्ही म्हटले.

“म्हणजे त्यांनाही कळतं म्हणायचं!” कित्येक दिवसांनी आई हसत होती.

त्याच रात्री तिने वाईस परतण्याचा विषय काढला. आमची उत्तरे केव्हाचीच तयार होती. त्यांतले एकही आम्ही दिले नाही. तिकिट काढले.

जाताना तिने एक रोप नेले. भाद्रपदात तिचा फोन आला.

“तुझं झाड गेलं रे. कुंडी रिकामी कशाला, म्हणून ओव्याची फांदी खोचली. छान फुटली आहे.”

“बरं केलंस. पाणी मात्र बेतानं घाल.”

“ते मला नको शिकवूस,” आई म्हणाली.