वेचणीला बाया मिळत नाहींत

आमचें घर बुटीबोरीपासून दीड कोसावर आहे. नागपूर-वर्धा रस्त्याच्या एका अंगास औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं, दुसऱ्या अंगास आमचें सात एकर कपाशीचें वावर. तिघां भावांचें कुटुंब अजून एका चुलीवर जेवतें, आणि गेलीं दोन वर्षें दिवाळीनंतर त्या पंक्तींत एकच विषय निघतो : वेचणीला बाया मिळत नाहींत. बोंडांतून कापूस लोंबतो, रात्रीं दंव पडतें, एखाद्या अवकाळी सरीनें प्रत उतरते, आणि आमचे वडील बंधु धुऱ्यावर उभे राहून कारखान्याकडे जाणाऱ्या बसगाड्या मोजीत असतात.

त्यांचें निदान ठरलेलें आहे. २०२४ सालीं 'माझी लाडकी बहीण' योजना निघाली, बायकांच्या खात्यांत महिना १५०० रुपये पडूं लागले. सरकारच घरीं बसण्याचा भत्ता देतें, मग वांकून कापूस कोण वेचणार? प्रांजळपणें सांगावयाचें तर आम्हींही हें मत चारचौघांत बोलून दाखविलें होतें. जन्मभर मुलांना उद्योगाचें महत्त्व शिकविलेल्या माणसास असलें मत फार लवकर पटतें. भत्ता हा शब्द संस्कृतांतील 'भक्त' म्हणजे अन्न यापासून आला, भातही त्याच घरचा, आणि शेतावरील मजुरांस माणसें पाहून अन्न व वर महिना सव्वा पण द्यावा असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण पंक्तींत तें आठवलें नाहीं.

गेल्या कार्तिकांत आम्ही स्वतःच बाया बोलवावयास निघालों. पूर्वीं आमच्याकडे टोळी घेऊन येणाऱ्या बाई आमच्याच शाळेंत चौथीपर्यंत शिकलेल्या. आम्हीं सरळ विचारलें, "पंधराशे मिळतात म्हणून येत नाहींस काय ग?"

त्या हंसल्या. "गुरुजी, भागाकार तुम्हीच शिकवला. पंधराशेले तीसनं भागा."

पन्नास.

"पन्नास रुपयांत घर चालते काय? मी घरी नाही बसली, कंपनीच्या क्यांटीनीत भांडे घासते. महिन्याच्या महिन्याले पैसा भेटते, डोक्यावर पत्रा हाये. तुमच्या वावरात काम चार हप्ते. त्यातही काट्यावर दंवाचं म्हणून मणामागं किलो कापता. बाकीच्या दिवसांत कधी पुसाले आले काय, बाई, तू काय खातेस म्हणून?"

आम्ही उत्तर न देतां परतलों. त्याला आणखी एक कारण होतें, आणि तें त्या बाईंस बहुधा ठाऊक नसावें.

१९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून राज्यभर रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खेड्यांतील प्रौढ माणसानें काम मागितलें कीं पंधरा दिवसांत काम द्यावयाचें, न दिल्यास बेकारीभत्ता द्यावयाचा. खर्चासाठीं नोकरदारांवर १९७५ सालीं व्यवसाय कर बसला. तो आमच्या पगारांतून दरमहा कापला जाई, आणि 'गरिबांचें काम आमच्या पैशावर चालतें' असें आम्ही अभिमानानें म्हणत असूं. नोकरीच्या आरंभीं, एका नापिकीच्या सालीं, आठ-दहा बाया कामाच्या मागणीचा अर्ज लिहून घेण्यास आमच्या ओटीवर आल्या. त्यांत ह्या बाईंची आई होती. वडील बंधूंनीं आंत बोलावून सांगितलें कीं निंदणी तोंडावर आली आहे, अर्ज लिहिलास तर साऱ्या मातीकामावर जातील. आम्हीं बाहेर येऊन 'नमुन्याचा कागद संपला आहे, पुढच्या आठवड्यांत या' असें सांगितलें. कागद कपाटांत होता. त्या पुन्हां आल्या नाहींत. निंदणी मात्र वेळेवर झाली, तीही जुन्याच दरानें.

पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्यानें देशभर कुटुंबामागें शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्यें त्याच्या जागीं दुसरा कायदा संमत झाला. त्यांत दिवस १२५ केले, परंतु पेरणी-कापणीच्या हंगामांत वर्षाकाठीं साठ दिवसांपर्यंत हीं कामें बंद ठेवण्याची तरतूद घातली. वर्तमानपत्रांतली ती ओळ वडील बंधूंनीं आम्हांस दोनदां वाचून दाखविली. आम्हांला ती आमच्या कपाटासारखी वाटली.

त्या रात्रीं बराच वाद झाला. कपाशीचा हिशेब खरोखरच ओढाताणीचा आहे. खत, फवारणी, गाडीभाडें वजा जातां हातीं फार उरत नाहीं, हें बंधूंचें म्हणणें खोटें नव्हतें. शेवटीं घरांतल्या धाकट्या सूनबाईंनींच सांगितलें कीं कापूस वावरांत सडला तर दर वाचवून काय वाचणार? किलोस दहाचे बारा रुपये ठरले, आणि दंवाची कट बंद झाली.

कारखान्याच्या सुटीच्या दिवशीं, रविवारीं, सहा बाया आल्या. संध्याकाळीं काट्यावरचा आंकडा सूनबाई वाचीत, त्या बाई पुन्हां वाचीत, मग वडील बंधु वहींत मांडीत. दंवाचा रकाना त्यांनीं संवयीनें आंखला होता. तो कोरा राहिला.

पैसे घेऊन बाई ओटीवर थांबल्या. उन्हाळ्यांत कंपनींत काम कमी होतें, तेव्हांसाठीं कामाच्या मागणीचा अर्ज लिहून हवा होता. आम्ही कागद घेऊन बसलों. वडील बंधु आंतून म्हणाले, "तारीख होळीनंतरची घाल. तोंवर वेचणी उरकेल."

आम्हीं त्याच दिवसाची घातली.