राबाचा धूर

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातील मुलांना मी गेली काही वर्षे मराठी शिकवते. अंतर्गत परीक्षेसाठी निबंधाचे विषय काढताना आपण मास्तर मंडळी किती विचार करतो, हे आपणा सर्वांनाच ठाऊक आहे. एका वर्षी मी ‘जागतिक तापमानवाढ : नैसर्गिक आणि मानवी कारणे’ हा विषय असाच घालून दिला. बहुतेकांनी अपेक्षित तेच लिहिले : ज्वालामुखी, सूर्यावरील डाग, कारखाने, वाहने, वृक्षतोड. एका मुलीने मात्र शेवटी लिहिले होते की, आमच्या गावात दर वर्षी राब भाजतात, माझे वडीलही भाजतात. हे अज्ञानामुळे घडते आणि अशा लोकांमुळे पृथ्वी तापत आहे. भाषा शुद्ध होती. मी दहापैकी साडेआठ गुण दिले आणि समासात ‘छान, स्वानुभव’ असा शेरा मारला.

तो शेरा पुढे मला छळू लागला.

ज्यांनी राब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उन्हाळ्यात भाताचे रोप करायच्या तुकड्यावर शेण, ऐनासारख्या झाडांचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर पसरतात, वरून बारीक माती टाकतात आणि तो थर सावकाश जळेल अशा बेताने पेटवतात. तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राख खत म्हणून उपयोगी पडते. पावसाच्या तोंडाशी तेथे बी पेरतात आणि रोप पुरेसे वाढले की आवणी होते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही राबाची नोंद आहे. इंग्रजांच्या वनखात्याला हा टहाळ तोडणारा शेतकरी जंगलाचा शत्रू वाटे. जंगलावरील निर्बंधांमुळे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने वडिलांवर ठेवलेला आरोप तिच्या वडिलांच्या पणज्यावरही ठेवला गेला होता. कारण तेवढे नवे.

आता नैसर्गिक कारणांविषयी. त्यासाठी आइसलँडला जाण्याची गरज नाही; माहुलीचे सुळके किंवा मुरबाडकडचा गोरखगड पाहावा. हा सारा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. ते उद्रेक काही लाख वर्षे थांबत थांबत चालले आणि त्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तेव्हा तापली होती, असे पुरावे आहेत. गंमत अशी की, हाच दगड झिजताना पावसाच्या पाण्यात विरघळलेला तो वायू बांधून समुद्राकडे धाडतो. ज्याने तापवले तोच निववतो. मात्र त्याचे घड्याळ लाखो वर्षांचे आहे.

आपले घड्याळ वेगळे आहे. आज जगातील सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून आपण वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास तो हवेत सोडतो. उपग्रह १९७८ पासून सूर्य मोजत आहेत. त्याचे तेज या काळात वाढलेले नाही. शिवाय सूर्यच कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबराचा थर निवतो आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले.

आणि राब? त्यात जळणाऱ्या पानांतील कार्बन एक-दोन पावसाळ्यांपूर्वी हवेतच होता. ऐन पुन्हा फुटला की तो पुन्हा पानांत येतो. कोळशाचे तसे नाही. तो कोट्यवधी वर्षे पुरलेला होता. राबाला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचा मोह मात्र मी टाळते. धुरात काजळी असते, दर वर्षी टहाळ तोडून झाडे खुरटतात, आणि साचलेल्या पाण्यातील भातखाचरातून मिथेन निघतो हेही खरे. पण याच तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले, आणि शहापुरातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाण्यावर वाढलेल्या शहराच्या एसीचा आणि या राबाचा धूर ‘मानवी कारणे’ या एकाच शब्दात कोंबणे, हा माझ्या मते भाषेचा गुन्हा आहे. आपण साहित्याचे लोक कर्मणी प्रयोगात कर्ता कसा लपतो ते वर्षानुवर्षे शिकवतो. ‘मानवनिर्मित’ या समासात तो तसाच लपला आहे, हे मला दिसले नव्हते.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस, क्यार वादळाच्या दिवसांत, कापून ठेवलेले भात इकडे शेतातच भिजले आणि लोंब्यांना कोंब फुटले. ते शेतकरी कर्ते नव्हते, एवढे तर मला तेव्हाही कळायला हवे होते.

असो. पुढच्या सत्रात मी त्या मुलीला बोलावले आणि यातले बरेचसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “पण मॅडम, तुम्हीच ‘छान’ लिहिलं होतंत. मी घरी वाचून दाखवला तो निबंध.”

“वडील काय म्हणाले?”

“काही नाही. एवढंच म्हणाले, मग रोप कुठं करू?”

तिने त्यांना काय उत्तर दिले ते मी विचारले नाही. त्या वर्षीही त्यांनी राब भाजला, हे तिने आपणहून सांगितले.