आवाज वाढवण्याआधी कानाला विचारा

आमच्या अंकुशनगरला साखर कारखाना आहे. गळीत हंगामात मला एक तक्रार हमखास ऐकू येते, बहुधा घरातल्या बाईकडून : "डॉक्टर, हे कामावरून आले की गाणी फार मोठ्यानं लावतात." नवरा म्हणतो, "मला तर बेताचाच वाटतो आवाज."

तो खोटं बोलत नसतो. आपल्या आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसाळ पेशी असतात. यंत्रांच्या किंवा ट्रॅक्टरच्या दिवसभराच्या आवाजानं त्या थकतात आणि काही तास कमी ऐकू येतं. म्हणून हात रिमोटकडे जातो. पेशींना हवी असते विश्रांती, आपण देतो आणखी काम. असं रोज झालं तर त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, ९० डेसिबलचा मात्र जेमतेम ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते.

एक सोपी परीक्षा करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी टीव्ही कोणत्या आकड्यावर नीट ऐकू येतो ते लिहून ठेवा. कामावरून आल्यावर तो आकडा वाढवावासा वाटला, तर कान थकलेत असं समजा. त्या संध्याकाळी आवाज कमी ठेवा आणि उद्या कामावर कानात बोळे घालूनच जा. सुट्टीतही आकडा वाढतच राहिला, कानात शिट्टी वाजत राहिली, तर श्रवण तपासणी करून घ्या.