पळीभर तेल

आमच्या घरी पितळेची एक पळी आहे. दांडा मधोमध चेपलेला, आणि वाटी एवढीशी की दोन चमचे तेल जेमतेम मावावं. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी आई या पळीनं दिवसाचं तेल मोजायची. सकाळच्या कालवणाला एक पळी, रात्रीच्या कालवणाला एक. सण असला तर तिसरी. चौथी पळी मी लहानपणी पाहिलेली नाही.

तेल करडईचं. ज्वारीच्या रानाला कडेनं करडईचे तास असत, कारण तिच्या काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. कोवळी होती तोवर पानांची भाजी व्हायची, लसूण घालून. पुढं झाड वाळलं की काटे इतके ताठ व्हायचे की काढणी भल्या पहाटे, दहिवरानं ते मऊ असतानाच करावी लागे. आमचं रान नव्हतं. आई हाताला फडकी गुंडाळून दुसऱ्याची करडई काढायची आणि मजुरीत थोडी करडई घरी आणायची. तेल्याच्या घाण्यावर ती दिली की बुधलीभर तेल मिळे. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल गोल फिरत असायचा, लाकूड कुरकुरायचं, आणि ताज्या पेंडीचा वास फर्लांगभर यायचा. तो वास आला की मला भूक लागायची. अजून लागते.

चैन म्हणजे काय, तर तव्यावरची गरम भाकरी, तिच्यावर लसणाच्या चटणीची ढेप, त्या ढेपेत अंगठ्यानं केलेला खळगा आणि त्या खळग्यात कच्चं तेल. तुपाचं कौतुक मी फार उशिरा ऐकलं. गावात कुणाच्या घरची परिस्थिती कशी आहे ते त्यांच्या कालवणावरून कळायचं. तवंग असला तर घर सुखी. आमच्या कालवणावर आम्ही भावंडं तवंग शोधायचो, आणि चार टिपके दिसले की ते कुणाच्या ताटलीत जाणार यावरून भांडायचो.

मग 1972 चा दुष्काळ आला. मी सात वर्षांची होते. आई-वडील खडी फोडायला जात, आणि मी धाकट्या भावाला काखेत घेऊन ढिगाच्या सावलीला बसे. परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनला मिळायची. तिची भाकरी थापताना चिरफळायची आणि घशाखाली उतरायची नाही. मुलांना सुकडी वाटत, तो गोड भुगा आम्ही चिमटीचिमटीनं पुरवून खायचो. त्या वर्षी करडई झालीच नाही. बुधली कोरडी पडली आणि पळी फडताळात उपडी राहिली. आई तेव्हा पोटुशी होती. तिच्या दंडाची कातडी बोटांत धरली की कापडासारखी उचलली जायची, हे मला लख्ख आठवतं, कारण मीच ती धरून पाहिली होती. बहीण जन्मली ती वीतभर. आई तिला सुपात कापसावर ठेवायची.

दुष्काळानंतर आम्ही पुण्याला आलो. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत दहा बाय दहाची खोली, वडील बांधकामावर, आई चार घरी धुणीभांडी करायला. तेल आता दुकानातून यायचं, सुट्टं. बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधून मी पावशेर तेल आणायला जायची, आणि दुकानदार मापातला शेवटचा थेंब निथळू देतो की नाही याकडं डोळे लावून उभी राहायची. पुढं, ऐंशीच्या दशकात, रेशनवर पामोलिन मिळू लागलं. हिवाळ्यात ते बाटलीतच गोठायचं. आई बाटली चुलीजवळ उन्हात धरल्यासारखी धरायची, आणि पळी मात्र तीच, मापही तेच.

1987 साली मी परिचारिका झाले. पुढची छत्तीस वर्षं शहराच्या एका टोकाच्या दवाखान्यात आणि भोवतालच्या वस्त्यांत काढली. सुरुवातीची वर्षं माझ्या वहीत एकच काळजी असायची: काटा वर सरकत नाही. गरोदर बाई नवव्या महिन्यात बेचाळीस किलोची. मूल सव्वादोन किलोचं. लोहाच्या गोळ्या, शेंगदाणा-गूळ, सकस आहाराचे तक्ते. मी तळमळून सांगायची, "बाई, खात जा गं काहीतरी." दहा-पंधरा वर्षांनी त्याच गल्ल्यांमधून मी दुसरंच सांगत फिरू लागले. काटा आता पंच्याहत्तर-ऐंशी दाखवायचा. बाया मात्र त्याच, नाहीतर त्यांच्या लेकी. खोल्या त्याच, संडासची रांग तीच. आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनही तेच, आठ-नऊ. शरीर वाढलं होतं आणि रक्त होतं तिथंच राहिलं होतं. हे मला कुठल्याही पुस्तकानं आधी सांगितलं नव्हतं. पुढं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दोन आकडे वाचले: देशातल्या 24 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर, आणि 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. मला त्या आकड्यांत माझी वही दिसली.

मधल्या काळात काय झालं, ते मी तेलाच्या वाटेनं समजून घेते. 1986 मध्ये सरकारनं तेलबियांसाठी मोहीम काढली आणि काही वर्षांत देश खाद्यतेलात बराचसा स्वतःच्या पायावर उभा राहिला. 1994 पासून पामोलिनची आयात खुली होत गेली. आज आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. आमच्या मराठवाड्यात सोयाबीन पसरलं. करडईला हात लावायला मजूर मिळेना, भावही मिळेना. गावी गेले की मी रानाच्या कडेला ते काटेरी तास शोधते.

वस्तीत मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून तेल आलं, आणि परवडेल असं आलं. आईनं पहिल्यांदा पिशवीचा कोपरा दातानं तोडून कढईत थेट तेल ओतलं तो दिवस मी विसरणार नाही. पळी खुंटीला होती. तिनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी वांग्याच्या कालवणावर बोटभर लाल तवंग होता, आणि आई आम्हाला वाढताना पुन्हापुन्हा म्हणत होती, "घ्या, आहे." आहे, हा शब्द तिच्या तोंडून मी फार थोड्या वेळा ऐकला होता. त्या तवंगाला आजही कुणी हावरेपणा म्हटलं तर मला ते सहन होत नाही.

सात-आठ वर्षांनी तिला साखर निघाली. एका शिबिरात डॉक्टरांनी तिला सर्वांसमोर विचारलं, "एवढं वजन कसं वाढवलंत? तेलकट बंद करा, फळं खा, सॅलड खा, रोज चालायला जा." आई रोज सहा किलोमीटर चालायची, चार घरांची फरशी पुसायची. ती काही बोलली नाही. घरी येताना मला विचारलं, "सॅलड म्हंजे काय गं बाई?" मी सांगितलं, काकडी-टोमॅटो. ती म्हणाली, "त्यानं पोट भरतं व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर मांडून पाहिलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली. दोन हजार कॅलरीच्या ताटात माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. चार माणसांच्या घराला दोन किलो झाली. परवा मंडईतून मी भाव टिपून आणले. भाजी सरासरी साठ रुपये किलो, पेरू ऐंशी. दिवसाचे 128 रुपये झाले, फक्त भाजी-फळांचे. डाळ, दूध, धान्य वेगळं. तेवढ्याच पैशांत दुकानात पामतेलाची एक लिटरची पिशवी येते. तिच्यात 910 ग्रॅम तेल, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे आठ हजारांहून जास्त. चार माणसांची पूर्ण दिवसाची गरज तेवढीच असते. त्या दोन किलो भाजी-फळांत मिळून हजार कॅलरीही नसतात. ज्या बाईच्या हातात 130 रुपये आहेत आणि घरात चार पोटं आहेत, तिनं कुठं वळावं? ती वळते ते अज्ञानानं नव्हे. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

आणि पैशांखेरीजही बरंच असतं, जे मंडईच्या भावात दिसत नाही. पाणी दोन तास येतं, पालेभाजी चार पाण्यांतून काढायला ते पुरत नाही. फ्रिज नाही, म्हणून रोजची भाजी रोज. संध्याकाळी आठला घरी पोचलेली बाई मेथी निवडत बसेल की बटाट्याच्या काचऱ्या तेलावर टाकून दहा मिनिटांत पोरांना वाढेल? सकाळी चहात बुडवायला खारी नाहीतर बटर, दुपारी कामाच्या ठिकाणी उभ्याउभ्या वडापाव, पोरगं रडलं तर पाच रुपयांची चटपटीत पुडी. त्या पाच रुपयांत एक सफरचंद येत नाही. मी वर्षानुवर्षं या घरांमध्ये बसले आहे. आळस मला क्वचित दिसला. थकवा मात्र प्रत्येक घरात होता.

स्थूलपणा आपल्या देशात अजूनही सुखवस्तू घरांत जास्त आहे, हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. ज्यांना चार पळ्यांहून जास्त तेल, मिठाई आणि आराम सगळंच मिळतं, त्यांचं वजन वाढतंच. पण त्यांना परतीची वाट असते. पेरू विकत घेता येतो, टेकडीवर फिरायला सकाळ मोकळी असते, औषध चुकत नाही. वस्तीतल्या बाईचं वजन वाढतं तेव्हा तिच्याजवळ मागं फिरायला रस्ता नसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मी नोकरीत असताना ऐकलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास त्यांनी 1993 मध्ये सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यात लहान. चरबी मात्र त्या मानानं राखलेली. वरून कृश, आतून मेदाळ. उपाशी आईच्या पोटात वाढलेलं शरीर मिळेल ते साठवायला शिकून जन्माला येतं, आणि पुढं त्याला स्वस्त तेल-साखर भेटली की मधुमेह लवकर गाठतो. मी सुपातल्या कापसावरच्या बहिणीचा विचार करत राहिले. तिला अडतिसाव्या वर्षी साखर निघाली, मला चव्वेचाळिसाव्या. आईच्या दंडाची ती कातडी आम्ही दोघी अंगावर घेऊन फिरतो आहोत.

2022 च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल असा शिधा मिळाला. रांगेत मी बायांचे चेहरे पाहिले, ते खरोखर आनंदाचे होते. सणाला करंजी तळता येणं ही लहान गोष्ट नाही. मला वाटतं ते एवढंच, की वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही सरकारी पिशवीत गहू-तांदळाच्या पलीकडं काही असावं. दर महिन्याला डाळ असावी. ज्वारी असावी. आमच्या रानाच्या कडेची करडई असावी, म्हणजे तिकडं शेतकऱ्याला भाव आणि इकडं बाईला तेल. वस्तीच्या तोंडाशी भाजीची गाडी स्वस्तात उभी राहावी. गहू-तांदूळ दोन-तीन रुपयांत देण्याचा कायदा 2013 मध्ये या देशानं केलाच ना? मग पालकाची जुडी कुणाच्या आवाक्यात आणणं अशक्य का मानावं?

आई आता ऐंशीची आहे. गेल्या महिन्यात मी लाकडी घाण्याचं करडईचं तेल आणलं. पुण्यात ते मिळतं, काचेच्या बाटलीत, पामतेलाच्या तिप्पट भावानं. भाव मी तिला सांगितला नाही. ज्वारीची भाकरी केली, लसणाची चटणी कुटली. तिनं बाटलीचं बूच उघडून वास घेतला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "पळी दे." मी खुंटीवरची पळी पुसून दिली. तिनं चटणीत अंगठ्यानं खळगा केला, थरथरत्या हातानं एक पळी त्यात ओतली, थेंब निथळू दिला. एक पळी माझ्या चटणीत ओतली. मग बूच घट्ट लावून बाटली फडताळात मागं सारली.

"राहू दे," ती म्हणाली, "पाहुणे आल्यावर काढू."