शाळेच्या दप्तरातली आपली ओळ

परवा चुलत पुतण्या पेढे घेऊन आला. इंजिनिअर झाला, नोकरीही लागली. "काका, जयभीम" म्हणून पायाशी वाकला तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. या पोराचे एक वर्ष वाया गेले होते, आणि त्यात माझाही वाटा होता.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझी नोकरी झाली. २०११ साली थोरल्याच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. गावच्या शाळेत गेलो. बाईंनी कपाट उघडून फडक्यात बांधलेले जनरल रजिस्टर काढले. वडिलांचे नाव सापडले. दाखल १९३७, सोडले १९४०. जन्मतारीख १ जून. त्या काळी गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राला १ जूनलाच जन्माला घातले आहे! जातीच्या रकान्यात 'महार'. शेऱ्यात लिहिले होते, 'सतत गैरहजर'. वडील तेव्हा दुसऱ्यांची गुरे राखत होते; ते लिहायला रकाना नव्हता.

१९५६ साली जी जात टाकली, तीच सिद्ध करायला आपण कपाटे धुंडाळतो. पण मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो. उतारा घेतला, सही-शिक्का झाला, निघालो. खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल होता. पुढच्याच पानांवर चुलत्यांचे नाव असणार हे ठाऊक होते. तरी पान उलटले नाही. आपले काम झाले होते ना!

२०१९ मध्ये चुलत भाऊ त्याच शाळेत गेला. मधल्या पावसाळ्यांत छत गळले होते. रजिस्टराचा लगदा झाला होता, उरले त्याला वाळवी. चुलत्यांची ओळ गेली. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, माझ्या मुलाचे वैधता प्रमाणपत्र असे सगळे जोडून काम झाले खरे, पण प्रवेशाची मुदत टळली होती.

साताऱ्याच्या शाळेचे रजिस्टर आपल्याला माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी' हे नाव लिहिले गेले. शाळेने ते जपले, आणि २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. लिहिणाऱ्याला काय कल्पना, की आपण कोणाचे नाव लिहितो आहोत! बाबासाहेबांच्या नावाच्या मागेपुढे ज्या मुलांची नावे असतील, तीही त्या एका नावामुळे वाचली. आपल्या खेड्यांतल्या शाळांना असे नाव लाभले नाही, म्हणून त्यांची दप्तरे ओल्या कोपऱ्यात. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दिवसांत आपली किती पोरे शाळेत बसत होती, पहिली मुलगी केव्हा आली, कोणी दुसरीतच शाळा सोडली, हे सांगणारे दुसरे कागद फारसे नाहीत.

आता गावातले एक तरुण गुरुजी, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि मी असे काम सुरू झाले आहे. काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. खिडकीच्या उजेडात रजिस्टर सपाट ठेवायचे, फ्लॅश मारायचा नाही, मोबाईल स्टँडवर पक्का करायचा. आधी मुखपृष्ठ, मग एकही पान न गाळता क्रमाने, कोरे पानसुद्धा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर नकोच. फोटोला वर्ष आणि पान क्रमांकाचे नाव द्यायचे, नाहीतर हजार फोटोंत आजोबा सापडायचे कसे? सोबत नावांची यादी संगणकावर टाइप करायची. प्रती तीन, तीन वेगळ्या ठिकाणी, आणि दरवर्षी उघडून पाहायच्या. आमच्या धाकट्याच्या लग्नाची सीडी आज कुठल्याच यंत्रावर चालत नाही, म्हणून हे सांगतो.

आणि फोटो झाला म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत घालू नये. सही-शिक्क्याचा उतारा मूळ पाहूनच मिळतो. हे फोटो गावभर व्हॉट्सॲपवर फिरवायलाही माझा विरोध आहे. त्यात प्रत्येकाची जात लिहिलेली आहे. ज्याला गरज त्याने शाळेत यावे, मागावे.

गेल्या रविवारी १९४१ ते १९४६ झाले. एका पानावर आमच्या आत्याचे नाव निघाले. ती शाळेत गेली होती हे घरात कोणालाच माहीत नव्हते. लगद्यातली सुटी होतील तेवढी पाने वर्तमानपत्रात घालून वाळत ठेवली आहेत. पुढच्या रविवारी ती बघणार आहोत.